धवलारणीचा दम

मला राग येतो तो आधी त्या हॉस्पिटलचा, मग आमच्या अख्ख्या गावाचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

आक्का म्हणजे माझी सासू, पूर्णा गावची धवलारीण. लग्नात धवले गाऊन विधी लावणारी. तिच्या गळ्याशिवाय आमच्या आगरी घरांत हळद लागायची नाही. गावाभोवती गोदामं उभी राहिली, मांडवात डीजे आला, तरी आक्काचा आवाज त्या डीजेच्या वरताण.

न्यूमोनिया झाला तेव्हा अकरा दिवस तिच्या घशात श्वासाची नळी होती. त्या नळीनेच तिला जगवलं, ते मी कशाला नाकारू? पण घरी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी तेवढी हातात दिली. नळीने आतून इजा होऊ शकते, श्वासाला आवाज यायला लागला तर धावत या, हे एका शब्दाने कोणी सांगितलं नाही. आवाज घोगरा का, विचारलं तर म्हणे घसा बसलाय, येईल.

झालं! शेजारच्या राघोमामांच्या नातीचं लग्न तोंडावर आणि धवलारणीचा गळा बसलेला. जो तो उठून तिच्या आवाजामागे लागला. कोणी ज्येष्ठमध आणलं, कोणी हळदीचं दूध पाजलं. तिसऱ्या आठवड्यात श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. दोन पायऱ्या चढली की मटकन खाली बसायची. मला म्हणाली,

"निशा, आवाजाचं ऱ्हाऊ दे. माझा दम जातोय."

आणि मी काय सांगितलं? बोलू नका, गळ्याला आराम द्या. घरात सगळ्यांना ताकीद दिली, हिला बोलतं करू नका म्हणून. ती हात हलवायची, छातीवर थोपटायची. मी डोळे वटारायचे. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

हळदीच्या सकाळी तिचे ओठ निळे पडले आणि ती कोसळली. मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून श्वास सुरू केला. न्यूमोनियाच्या वेळी घातलेल्या त्या नळीच्या टोकाशी फुगा असतो, त्याच्या दाबाने श्वासनळीला आतून जखम झाली होती. वण धरत धरत आतली वाट पेनातल्या रिफिलएवढी उरली होती.

"इतके दिवस त्रास असणार," डॉक्टर चिडून म्हणाले. "पेशंट काहीच बोलल्या नाहीत?"

आक्का खाटेवरून माझ्याकडे बघत होती. आता तिला खरोखरच बोलता येत नव्हतं.

"बोलत होत्या," मी म्हटलं. "मीच त्यांना गप्प बसवलं."