डायमधलं खोबरेल

नोकरी जाऊन सहा आठवडे झाले होते. इथे परदेशात, व्हिटबीतल्या आमच्या घरात साफ करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि मी दर दहा मिनिटांनी ईमेल बघत होते. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी कुंपणावरून, गंज काढून देशील का, असं विचारलं, तेव्हा त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं.

त्यांच्या बेसमेंटमध्ये शिकारीची काडतुसं पुन्हा भरायचं सामान होतं. त्यातल्या डाय, म्हणजे वापरलेली पितळी पुंगळी दाबून परत मापात आणणारे पोलादी साचे, गंजल्या होत्या. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी त्या वापरल्याच नव्हत्या. हरणांच्या मोसमाआधी एकदा स्वतः करून बघायचं, नाही जमलं तर सगळं देऊन टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मी पुण्यात बारा वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये साच्यांची मापं तपासणारी इन्स्पेक्टर होते, हे मीच त्यांना दोनदा ऐकवलं होतं.

गंज वरवरचा होता. डाय खोलून सुटे भाग ओळीने मांडले. बाहेरून तेल आणि अगदी बारीक स्टील वूल, आट्यांना जुना टूथब्रश. आत मात्र नुसतं तेलाचं फडकं, कारण आत घासलं की माप गेलं आणि माप गेलं की डाय गेली. शेवटी तेलाचा हात द्यायचा तर मशीनचं तेल संपलेलं. दुकानात जायला धीर कुठला? खोबरेलाची बाटली गरम पाण्यात धरली आणि आतबाहेर सढळ हाताने चोपडलं. आई विळीला तेच लावायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. दाबयंत्राचा दांडा ओढून त्यांनी पहिली पुंगळी दाबली, तर तिच्या गळ्याखाली खळगा. दुसरीला तसाच, तिसरीलाही. चौथी त्यांनी उचललीच नाही.

"हात गेले माझे," ते म्हणाले. "घेऊन जा हे."

मी तिन्ही पुंगळ्या शेजारी ठेवल्या. खळगा एकाच जागी होता. थरथरत्या हाताची चूक अशी नेमाने होत नाही. डायमध्ये कापसाची काडी घातली, तर पांढरा लगदा निघाला. त्या थंड बेसमेंटमध्ये तेल गोठून बसलं होतं आणि तोच लगदा पितळ आत दाबत होता. गुपचूप पुसून ठेवता आलं असतं. पण मग हात गेले, हेच खरं ठरलं असतं.

"तुमचे हात नाहीत, माझं तेल आहे," मी म्हटलं. "खोबरेल. थंडीत गोठतं."

"स्वयंपाकाचं?"

"केसांचं."

त्यांनी काडीवरचा लगदा नाकाशी धरून हुंगला. "बारा वर्षं इन्स्पेक्टर," एवढंच म्हणाले.

मी डाय स्पिरिटने धुतली, कोरडी केली, परत बसवली. दांडा पकडायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. पुंगळी गुळगुळीत निघाली. त्यांनी ती खिडकीकडे धरून फिरवून पाहिली, मला दिली नाही.

"तू जा आता," ते म्हणाले. "तुझा पाय हलतोय मघापासून. तुझी घाई मलाही लागते."

मी जिना चढले. खाली दांडा वाजला. मग बराच वेळ काहीच नाही. मी पायरीवर थांबले, ईमेल न बघता. मग पुन्हा वाजला.