गोळी खाऊन धावणाऱ्यांविरुद्ध माझी मोहीम

धावायच्या आधी अंगदुखीची गोळी खाणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल?

मी त्याला 'स्वतःच्याच देहाशी फितुरी करणारा' म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, छापून वाटलं. आणि त्यापायी भर मैदानात मार खाल्ला.

हे छापण्याचं वेड आमच्या घरात वडिलांपासून आहे. इतर पोरांनी अंगाई ऐकली असेल, मी पत्रकं ऐकली. पप्पा नळाला पाणी आलं नाही तरी पत्रक काढत आणि आलं तरी काढत (दुसऱ्या पत्रकाचा मथळा : 'आपल्या एकजुटीचा विजय!'). त्यामुळे यंदाच्या हिवाळ्यात आमच्या नांदेडच्या घरी, केराच्या डब्यात दुखण्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली, तेव्हा मी चौकशीच्या भानगडीत पडलो नाही. मला थेट मथळा सुचला.

गुन्हेगार तर उघडच होता. धाकटी बहीण पल्लवी पोलीस भरतीची तयारी करत होती. लातूरला तिची मैदानी चाचणी तोंडावर आलेली. रोज पहाटे अंधारात ती विष्णुपुरीच्या रस्त्याकडच्या मैदानावर पळायला जायची. तिथली निम्मी पोरं पळण्याआधी गोळी घेतात, हे मी ऐकून होतो. जेवणानंतर बडीशेप फिरवावी तशी फिरवतात म्हणे!

"पल्लवी, तू गोळ्या खातेस?"

"न्हाई."

"मग डब्यात पाकिटं कुठून आली?"

"डब्याला विचार."

"दुखणं म्हणजे शरीराने काढलेला मोर्चा असतो! तू त्याच्यावर लाठीमार करून राहिलीस!"

"लाठीमार भरती झाल्यावर करीन. आता सरक दादा, मला झोपायचंय."

आई शेजारी भाकरी थापत होती. तिची थाप एकदम जोरात पडू लागली. मी समजलो, आई आपल्या बाजूने आहे.

पत्रक तयार झालं. 'वेदनेला बोलू द्या!' आता ते पहाटे मैदानावर वाटणं आलं. पहाटे उठणं मला जमत नाही (माझे सगळे क्रांतिकारी विचार मध्यरात्रीनंतर येतात), म्हणून मी झोपलोच नाही. घरचे उठायच्या आत गठ्ठा काखोटीला मारून मैदानावर हजर!

पोरांनी पत्रकं आनंदाने घेतली.

"भाऊ, मागून कोरं हाय का?"

"आहे. का?"

"टायमिंग लिवायला बरं."

मी संतापलो, पण धीर सोडला नाही. तेवढ्यात कोपऱ्यातल्या लिंबाखाली, अंधारात, एक आकृती दिसली. डोक्याला मफलर, अंगात स्वेटर, पायात बूट. आकृतीने मुठीतून काहीतरी तोंडात टाकलं आणि बाटली तोंडाला लावली. रंगेहाथ! मी पत्रक उंच धरून धावत सुटलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "थुंका ती गोळी! थुंका!"

आकृतीने वळून माझ्या नडगीवर काठी हाणली.

"माय माय माय!" मी खाली बसलो. दुसरी काठी पाठीत बसली.

"पल्ले, पळ! आला गं कुणीतरी मेला!" आकृती किंचाळली. आवाज फारच ओळखीचा होता, पण ओळख पटायच्या आत पलीकडच्या टोकाकडून पल्लवी आली. ती इतकी जोरात पळू शकते याची मला कल्पना नव्हती. तिने मला पालथा पाडला आणि पाठीवर गुडघा रोवला. मागून सगळं मैदान धावत आलं.

"धरा रे! पोरींच्या मागं लागून राहिला!"

"तोंड बघा त्याचं!"

कुणीतरी मोबाईलचा उजेड पाडला.

"आगं बया!" आकृती म्हणाली. "हा तर आपला सुमेध!"

आई होती. साडीवर स्वेटर, आणि पायात माझे जुने बूट! दूध उतू जात असलं तरी जी बाई चालतच चुलीपाशी जाते, ती रोज पहाटे मुलीमागे दुडक्या चालीने मैदानाला फेऱ्या मारत होती. अंधारात पोर एकटी कशी सोडायची, म्हणून.

"आणि गोळी?"

"गुडघे धरतेत रे. आधी खाल्ली की जमतंय कसंबसं."

"मग मला का नाही सांगितलं? मी आलो असतो!"

"सांगितलं की. दोनदा उठवलं तुला," आई म्हणाली. "तू म्हणलास, 'बाईला सोबत लागते हीच गुलामी आहे,' अन् पांघरूण वढून घेतलंस."

मैदान हसलं. इतकं हसलं की एका पोराला ठसका लागला. मी मात्र मान खाली घालून बसलो. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळंच नडगीचं नव्हतं.

दवाखान्यात मला आणि आईला, दोघांनाही नेलं. आईच्या पोटात बरेच दिवस जळजळ होत होती. उपाशीपोटी गोळी, वर पळापळ. तेही तिने सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "बाई, गुडघा बिचारा ओरडून सांगत होता. तुम्ही त्याचं तोंडच बांधून टाकलं."

"घरात वरडणारे लई हायत डॉक्टर," आई म्हणाली. "एकाचं तरी बांधावं म्हणलं."

आईचं मैदान बंद झालं. म्हणजे पल्लवीचंही झालं असतं, आणि लातूरची चाचणी तर तोंडावर. पप्पांनी ताबडतोब 'मैदानावर दिवे लावा' असं पत्रक लिहायला घेतलं. पण पत्रकाने उजेड पडेपर्यंत जायचं कुणी? सगळे माझ्याकडे बघत होते.

"लंगडतोयस लई," निघताना आईने तळहात पुढे केला. "घे एक. तेवढ्यापुरती."

मी तत्त्वाचा माणूस. नाही घेतली. रोज लंगडत जातो.

तेव्हा वाचकहो, एक कळकळीची विनंती. तुमच्या घरची मुलगी पहाटे पळायला जात असेल, तर उद्या तिच्यासोबत कोण जातं ते बघा, आणि ते माणूस काय खाऊन जातं तेही विचारा. शक्य असेल तर स्वतः उठून जा. आणि वाटेत विष्णुपुरीच्या रस्त्याला, मैदानाच्या कोपऱ्यात, लिंबाला टेकून उभ्या-उभ्या घोरणारा एक रक्षणकर्ता दिसला, तर त्याला कृपा करून हलवा. त्याची बहीण केव्हाच घरी गेलेली असते.