शाकाहारी रॉकेल

गिरणी बंद पडली आणि बाबा घरी बसले. तेव्हा आई देवीला नवस बोलली, की यांना काम लागेपर्यंत घरात मासा शिजणार नाही. मालवणी माणसाच्या पोटावर याहून मोठा पाय देता येत नाही. नवस आईचा होता, उपास मात्र बाबांना घडत होता.

बाबा दिवसभर मरोळच्या वाचनालयात पेपर वाचत बसत. एका दुपारी ते मोठ्या ऐटीत घरी आले. आई स्टोव्हला पंप मारत होती.

"तुझो नवस कधीच मोडलो गो," ते म्हणाले. "रॉकेल जमिनीतल्या तेलाचा, आणि ता तेल लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या माशांचा. पेपरात छापून इलाहा!"

नवस मोडलाच आहे तर संध्याकाळी बांगडा होईल, असा त्यांचा सरळ हिशोब. आईने चावी सोडून स्टोव्ह विझवला.

"आणि कोळसो?"

"कोळसो झाडांचो," बाबा बेसावधपणे म्हणाले.

"मगे कोळसो आणा."

त्या दिवसापासून घरात शेगडी आली आणि स्टोव्ह गॅलरीत चपलांशेजारी गेला. वारा घालायचं काम अर्थातच बाबांवर आलं. एवढ्याशा खोलीत धूर मावेना, आम्ही डोळे पुसत डाळभात गिळायचो. दारावर येणारी कोळीण गिऱ्हाईक तुटल्यामुळे आधीच फुगली होती. "ताजा तो मासा गं, रॉकेलातली ती नुसती घाण," असं तिनेही सांगून पाहिलं. आई ढिम्म.

मी कॉलेजात सायन्सला होते. शेवटी सरांना विचारून आले आणि आईला समजावलं, की तेल माशांचं नाहीच मुळी, समुद्रात तरंगणाऱ्या अगदी बारीक जिवांचं आहे. त्यातले बरेचसे शेवाळासारखे, म्हणजे वनस्पतीच.

"बरेचसे? आणि उरलेले?"

"उरलेले बारीकसारीक प्राणी. थोडे कोळंबीच्या जातीचे."

"म्हणजे जवळो," आई म्हणाली आणि तिने शेगडीत आणखी कोळसे टाकले. माझं सगळं सायन्स त्या धुरात गेलं. मी भयंकर चिडले.

आणि मग बाबांना काम लागलं. अंधेरीच्या एका पेट्रोल पंपावर.

सांगायला आले ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "थय सगळो तोच माल, गो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुका चालाचा नाय तर सोडतंय." ते मनापासून विचारत होते. मला त्यांची इतकी कीव आली की आईचा राग राग आला.

आई वारा घालायची थांबली. मग म्हणाली, "नवस मोडलो असतो तर देवीन काम दिल्यान असता?"

"नाय."

"मगे? देवीन रॉकेल शाकाहारी धरल्यान."

तिने शेगडी बाहेर काढली, स्टोव्ह आत घेतला. संध्याकाळी कोळणीकडून बांगडे आले.

"पण शास्त्राप्रमाणे बघशीत तर..." पहिल्या घासालाच बाबांनी तोंड उघडलं.

"गप जेवा," आई म्हणाली आणि तिने त्यांच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. खोलीत आता धूर नव्हता, तरी ती स्टोव्हकडे तोंड करून पदराने डोळे पुसत होती.