डॉक्टरीणबाईंचे पडदे

पडदेवाल्या मावशीने डॉक्टरीणबाईंचे पडदे चोरले, ही बातमी गल्लीत दुधाच्या पिशव्यांच्या आधी पोचली. दुपारपर्यंत चोरीच्या मालात सोफ्याची कव्हरं जमा झाली. संध्याकाळी कुणीतरी गालिचाही घातला आणि पोलीस निघालेत, कोपऱ्यावर पोचलेत, असं सांगून टाकलं. कोपऱ्यावर पोलीस नव्हता, केळीवाला होता. पण केळीवाल्याकडे बघून कोण घाबरणार?

आता खरं ऐका. पडदे चोरले नव्हते. लावले होते. मंगळवारी, अकरा ते साडेबारा. पण त्या दीड तासाने मावशीच्या घराचं जे केलं, ते चोराच्या बापालाही जमलं नसतं.

मावशी वीस वर्षं लोकांच्या खिडक्या झाकते. मोजमाप घ्यायला गेली की आधी खिडकीबाहेर बघते, मग टेप काढते. चुण्या अशा सारख्या पाडते की पट्टी लावून बघावं. तिच्या स्वतःच्या खिडकीला मात्र जुन्या चादरीचा तुकडा, तोही तारेवर, तीन चिमटे लावून. "सुताराचीच खुर्ची लंगडी," असं म्हणून ती हसते, म्हणजे दुसऱ्याला हसायची सोय उरत नाही.

दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली शिलाई मशीन, शेजारी कापडाचे गठ्ठे, मधे चालायला वीतभर वाट. त्या वाटेवर पाटावर बसून नवरा पडद्यांना हूक लावतो. पंचवीस वर्षं छापखान्यातल्या मशीनशी संसार केला, त्यात दोन्ही कान गेले. छापखाना बंद पडताना मालकाने हातावर जे ठेवलं, ते मुलीच्या विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात गेलं.

मुलगी कान तपासण्याचं शास्त्र शिकते. का, ते सांगायला नको. बापाशी आयुष्यभर ओरडून बोललेल्या पोरीला दुसरं काय सुचणार! गावाबाहेरच्या टेकडीवर ख्रिस्ती मिशनचं खाजगी विद्यापीठ आहे, तिथेच तो कोर्स. मार्कांच्या जोरावर निम्मी फी माफ झाली होती. उरलेली निम्मी दुसऱ्या वर्षी गरजू विद्यार्थी निधीतून मिळेल, असं ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. अर्ज भरला. चर्चच्या पाळकांनी 'कुटुंब प्रामाणिक व कष्टाळू' असं पत्र दिलं. आता राहिली एकच गोष्ट. विद्यापीठाचा माणूस घरी येऊन परिस्थिती पाहून जाणार होता. मदत मंजूर झाली तर मुलगी वर्गात. नाही तर महिनाअखेरीला नाव कमी, आणि चौकातल्या चपलांच्या दुकानात मालक वाटच बघत होता, मुलगी हुशार आहे, हिशेबाला बरी, म्हणून.

भेटीची चिठ्ठी आली तेव्हा जिन्यात तारवाले भाऊ उभे होते. ते जिन्यात नसतात असं होत नाही. पोस्टातून निवृत्त झाले, पत्रं वाटायची सवय सुटली, बातम्या वाटायची सुटली नाही. चिठ्ठी मावशीच्या हातात, पण आधी वाचली त्यांनी.

"वहिनी, घर बघायला येतायत! म्हणजे घर दाखवण्यासारखं नको का?"

"आहे ते दाखवीन."

"आहे ते?" भाऊंनी दारातून आत नजर टाकली. गठ्ठे, पाट, चादर, चिमटे. "एवढं मोठं विद्यापीठ. त्यांची पोरगी म्हणून मिरवायची, तर आईबाप शोभले पाहिजेत. मी आपलं सांगतो. पुढे तुमची मर्जी."

आता या माणसाचं ऐकायची काही गरज होती का? नव्हती. पण मावशीच्या आयुष्यात बाहेरचं माणूस घर बघायला यायचं दोनच कारणांसाठी. एक, मुलगी बघायला. दोन, घरभाडं वाढवायला. दोन्ही वेळेला ताठ बसायचं आणि ओठावर हसू ठेवायचं, एवढंच तिच्या आईने शिकवलं होतं. गरिबी ही उसवलेल्या शिवणीसारखी, आतल्या बाजूला दुमडायची.

मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाईंचे पडदे तयार होऊन पडले होते. मोरपंखी रंग, जाड अस्तर, खाली रेशमी पट्टी. बुधवारी पोचवायचे होते. मावशीने त्यांच्याकडे बघितलं. चादरीकडे बघितलं. परत त्यांच्याकडे बघितलं.

"आई, नको," मुलगी म्हणाली.

"गप. दीड तासात काय झिजतात?"

गठ्ठे आतल्या खोलीत गेले. पत्र्याच्या दोन ट्रंका शेजारीशेजारी ठेवून त्यांच्यावर डॉक्टरीणबाईंच्याच सोफ्याची नवी कव्हरं चढली. आत उशा कोंबल्या. लांबून बघणाऱ्याला सोफा, बसणाऱ्याला ट्रंक. कपबशा समोरच्या काकूंकडून आल्या, सोनेरी काठाच्या. नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालून ट्रंकेवर बसवलं आणि खुणेने सांगितलं, हलू नका.

ऑफिसातल्या बाई आल्या. चष्मा, हातात फाईल, पायात साधी चप्पल. खरं तर त्यांची चप्पल या घराच्या पडद्यांपुढे ओशाळली.

"वा! किती प्रसन्न ठेवलंय घर," त्या म्हणाल्या. "पडदे तर अप्रतिम."

"मीच शिवलेत," मावशी म्हणाली. आणि हे अगदी खरं होतं.

"कुणाचं कर्ज वगैरे?"

"छे हो! देवाच्या दयेने कुणाची पै देणं नाही." हेही खरं. कारण उधार द्यायला कुणी तयारच नव्हतं.

"दोन वेळचं नीट होतं?"

"भरपूर!" हे मात्र खोटं. मुलीने तोंड उघडलं. मावशीने पदराआडून तिला असा चिमटा काढला की तोंड उघडंच राहिलं, शब्द आत गेला. बाप सगळ्यांकडे बघून हसत होता. त्याला वाटत होतं, छान चाललंय.

बाईंनी लिहून घेतलं. सोनेरी काठाचा चहा प्यायल्या. जाताना मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "भाग्यवान आहेस."

साडेबाराला पडदे उतरले. मावशी त्या दिवशी मशीनवर गुणगुणत होती.

नवव्या दिवशी पत्र आलं. मुलीने वाचलं. 'प्रत्यक्ष भेटीत कुटुंबाची आर्थिक स्थिती समाधानकारक आढळल्याने, अधिक गरजू विद्यार्थ्यांचा विचार करता, आपला अर्ज मान्य करता येत नाही. नवीन पुरावा असल्यास दहा दिवसांत फेरविचारासाठी सादर करावा.'

"समाधानकारक म्हणजे?" मावशीने विचारलं.

"म्हणजे आपण पास झालो, आई. म्हणून नापास."

बापाला वाटलं, मंजूर झालं. त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला ओरडून खरं सांगायला हवं होतं, पण ओरडलं असतं तर जिन्यात ऐकू गेलं असतं. म्हणून मुलीने कागदावर लिहून दिलं. त्याने ते वाचलं, हात काढून घेतला आणि उरलेल्या पडद्याला हूक लावायला बसला. एकाच जागी तीन हूक लावले.

मावशी दुसऱ्या दिवशी टेकडी चढून गेली. विद्यापीठाचं ऑफिस थंड, भिंतीवर लाकडी क्रूस, खिडकीला पिवळट पडदा. त्याची खालची दुमड उसवून लोंबत होती आणि मावशीच्या डोळ्यांना ती जीभ काढून दाखवत होती. तिने सगळं सांगितलं. पडदे, ट्रंका, कपबशा. चष्मेवाल्या बाई ऐकत होत्या. बरं वाटलं नाही त्यांना, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"मावशी, मी जे बघितलं ते लिहिलं. आता तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण समितीपुढे मी काय ठेवू? सामान तुमचं नव्हतं याचं लेखी काही?"

"मी सांगते ना."

"तेव्हाही तुम्हीच सांगितलं होतं, सगळं भरपूर आहे म्हणून."

वीस वर्षं लोकांचं झाकलं, ते बोलायच्या वेळी आपल्याच तोंडावर येऊन पडलं. निघताना तिने पर्समधून सुई काढून विचारलं, "ती दुमड घालून देऊ का? दोन मिनिटं लागतील." बाई म्हणाल्या, नको, समितीला वाटेल काहीतरी. सुई परत पर्समध्ये गेली.

आठ दिवस उरले. मावशीला लेखी देऊ शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि त्या माणसाला सांगणं म्हणजे आपल्याच पोटावर कात्री चालवणं. डॉक्टरीणबाईंचं घर, त्यांचा दवाखाना, त्यांच्या दोन बहिणी, मावशीचं वर्षाचं निम्मं काम तिथून येई. तीन दिवस ती त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली. एकदा घंटा वाजवली आणि पळाली. पन्नाशीची बाई घंटा वाजवून पळते, हे बघून तिथला कुत्राही भुंकायचा थांबला. घरी येऊन प्रार्थनेला बसली, पण देवाला तरी काय सांगणार? त्याने काही पडदे लावायला सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मुलगी चपलांच्या दुकानात विचारून आली. "सोमवारपासून ये म्हणाले," एवढंच म्हणाली आणि कानाच्या चित्राची वही कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिली. ती वही वर जाताना मावशीने बघितली. मशीनवरचा पाय तसाच थांबवून उठली.

डॉक्टरीणबाई दिवाणखान्यात होत्या. मोरपंखी पडद्यांतून ऊन गाळून येत होतं. मावशीने उभ्यानेच सांगून टाकलं.

"माझे पडदे?" बाई उठल्या. "तुझ्या त्या खोलीत? माझ्या आधी?"

"दीड तास."

"आणि कव्हरं ट्रंकेवर? शी! मी त्यावर पाहुणे बसवले! विश्वासाने कापड दिलं होतं गं तुला. मीटरला किती पडलं माहितेय? आणि वर तोंड करून सांगायला आलीस?"

"बाईसाहेब, तुम्ही बोलताय ते सगळं बरोबर आहे."

"मग?"

"ते लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"आत्ता बोललात तेच. पडदे तुमचे, लावले मी, न विचारता. शिव्यासुद्धा लिहिल्या तरी चालतील. जितक्या जास्त, तितकं बरं."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. रागावलेल्या माणसाकडे राग लिहून मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं असावं. पण राग ताजा होता आणि डॉक्टर नवऱ्याचं औषधं लिहायचं पॅड समोरच होतं. खसाखसा लिहिलं, खाली सही ठोकली आणि कागद टेबलावरून सरकवला. "आणि परत या फाटकात पाऊल टाकू नकोस."

मावशीने रस्त्यावर येऊन वाचलं. 'सदर पडदे व सोफ्याची कव्हरं माझ्या मालकीची असून शिवणकाम करणाऱ्या बाईने ती विनापरवानगी आपल्या भिकार खोलीत, जिथे बसायला धड खुर्चीही नाही, मांडून मिरवली. यापुढे तिला काम दिलं जाणार नाही.'

'भिकार' या शब्दावर ती दोनदा अडली. त्या खोलीची फरशी ती रोज सकाळी गुडघ्यावर बसून पुसते. कागद फाडावा असं वाटलं. मग तिने तो घडी करून पर्समध्ये, सुईच्या डबीखाली ठेवला.

शेवटच्या दिवशी समितीपुढे चष्मेवाल्या बाईंनी तो मोठ्याने वाचला. मावशी समोर, मुलगी शेजारी. 'भिकार' आलं तेव्हा बाई थबकल्या.

"वाचा," मावशी म्हणाली. "तोच तर पुरावा आहे."

विद्यापीठाचे म्हातारे फादर टोकाला बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "आता काम मिळतं का?"

"निम्मं गेलं."

"म्हणजे मागच्या भेटीपेक्षा आता परिस्थिती..."

"आता अगदी मंजुरीसारखी झालीय, फादर."

कुणी हसलं नाही. मावशीसुद्धा नाही. निधी मंजूर झाला. एका वर्षापुरता. पुढच्या वर्षी नवीन अर्ज, नवीन भेट, आणि भेट न कळवता होईल, असं खाली छापलं होतं. मुलीने वही कपाटावरून उतरवली. चपलांच्या दुकानात सोमवारी कुणी गेलं नाही. मावशी आता रुग्णालयाच्या उशांचे अभ्रे शिवते, शंभराचा गठ्ठा, चुण्या नाहीत, पट्टी नाही. मुकाट्याने सरळ टीप मारत राहायची. संध्याकाळी पाठ धरते तेव्हा नवरा इस्त्री गरम करून, फडक्यात गुंडाळून शेकतो. बोलत नाहीत. बोलायला मुलगी घरी यावी लागते.

आणि चोरीची बातमी? डॉक्टरीणबाईंनी बहिणींना सांगितलं, बहिणींनी कामवालीला, आणि शेवटचा टप्पा, गल्लीतलं वाटप, नेहमीच्या माणसाने केलं. फुकट, घरपोच.

परवा तेच तारवाले भाऊ जिन्यात उभे. मावशी अभ्र्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन वर चढत होती. बाजूला व्हायचं सोडून ते म्हणाले, "काय वहिनी, पुढच्या वर्षी परत तपासणी आहे म्हणे. या खेपेला काय टांगणार खिडकीत?"

मावशीने गठ्ठा सावरला आणि म्हणाली, "तुमचं तोंड टांगते, भाऊ. ते कधी मिटत नाही, आतलं सगळं लख्ख दिसेल बाईंना."