ओल्या विटेवरची टाच

आधी बाईंचं सांगते. पेणला, रामवाडीजवळच्या शाळेत त्या सातवीला शिकवतात. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून नुसतं बाई. त्याच शाळेत मी खिचडी शिजवते. माझं गाव लांब बुलढाण्याकडे, आणि शाळा चौथीतच सुटली.

जेवणाच्या सुट्टीनंतर बाई एक कादंबरी वाचून दाखवायच्या. जुन्या काळातली, आईबापांबरोबर बोटीनं परक्या देशात गेलेल्या आणि कापडगिरणीत राबणाऱ्या पोरांची. भांडी आवरता आवरता मीही दाराशी ऐकत राहायचे. त्यातला एक मुलगा यंत्राखाली शिरून सांडलेला कापूस गोळा करतो आणि आपली उंची वाढू नये म्हणून देवाला विनवतो. यावर वर्ग हसला.

"वाढायला कोन घाबरतं, बाई?" एकानं विचारलं. हसणाऱ्यांत माझी लेकही होती. शाळेत ती मला सगळ्यांसारखं मावशीच म्हणते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही सांगाल का? नाही म्हणालात तरी चालेल."

मी वीटभट्टीवर वाढले हे फक्त बाईंना माहीत होतं. लेकीला कधी सांगितलं नव्हतं. उद्या पोरं तिला भट्टीवाली म्हणून चिडवतील, या धास्तीनं मी कोरडे हातही पुसत राहिले.

मग सांगितलं. रोह्याकडे, खांबजवळच्या भट्टीवर आम्ही दरवर्षी यायचो. अर्धवट सुकलेल्या विटा उन्हात पालटाव्या लागतात. मोठं माणूस त्यांवर चढलं की वीट दबते, म्हणून ते काम लहान पोरांचं. सगळ्यांत हलकी मी, आणि मुकादम त्याचं कौतुक करायचा. एका वर्षी विटेत माझी टाच उमटली. कुणी रागावलं नाही, पण मी संध्याकाळची भाकरी खायची सोडली.

मग एक पोरगा म्हणाला, "आता चढलीस तं भट्टीच बसंल गो, मावशी." सगळे हसले, मलाही हसू आलं.

लेक मात्र उभी राहिली होती. "आई, म्हणून तू मला ताटात अर्धी पोळी ठेवू देत नाय व्हय?"

सगळ्यांसमोर तिनं मला आई म्हटलं. मी मान डोलावली.

आता शनिवारी बाई ते पुस्तक मला घरी नेऊ देतात. मी बोट ठेवून वाचते, लेक चुका काढते. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशन सुट्टीत करू म्हणतात. त्यांच्या डोळ्यावर पट्टी असेल तेव्हा मी त्यांच्या घरी जाईन आणि पुढची गोष्ट वाचून दाखवीन. अडखळेन, पण शेवटच्या पानापर्यंत वाचीन.