जावेने मागितलेल्या गोळ्या

१७ मे १९९४, मंगळवार. कुळगावच्या जुन्या घराच्या अंगणात आम्ही वर्षाचा मसाला करायला बसलो होतो. मिरच्यांची देठं काढायचं काम माझ्याकडे होतं.

मसाला आमच्या भावकीत एकटीने कुणी करत नाही. मे महिन्यातला एक दिवस ठरतो. सगळ्या घरांच्या मिरच्या, धणे, गरम मसाला मोठ्या जावेच्या अंगणात येतो, चुली पेटतात, दिवसभर भाजणं चालतं आणि संध्याकाळी पोती कांडपाच्या गिरणीवर जातात. मी तेव्हा कात्रपला फ्लॅटमध्ये वेगळी राहत होते. दुकानातून मसाल्याची पाकिटं आणली असती तर मला कुणी विचारणार नव्हतं. तरी दर वर्षी जायचे. याच अंगणात, याच बायकांसमोर मोठ्या जावेने माझी अब्रू घालवली होती, आणि ती मला याच अंगणात, याच बायकांसमोर परत हवी होती. दुसरं काही नको होतं. सात वर्षं मी त्यासाठी देठं काढत होते.

झालं होतं ते असं. माझं माहेर अंबरनाथचं, वडील कारखान्यात. लग्न होऊन कुळगावच्या या घरात आले तेव्हा मी चटपटीत होते, हे जाऊसुद्धा नाकारणार नाही. मुलगा झाला आणि दीड-दोन वर्षांत माझं काहीतरी बिघडलं. झोप पुरेना. सकाळी उठले की रात्री दगड फोडल्यासारखं अंग दुखायचं. जेवण कमी, वजन जास्त. केस फणीत यायचे, आवाज घोगरा झाला, आणि भर उन्हाळ्यात मी चादर पांघरून बसायचे. गावातल्या डॉक्टरने पापणी ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाला, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या.

"रक्त कमी?" जाऊ म्हणाली. "हिच्या अंगाकडं बघा जरा. चार बायकांचं रक्त एकटी घेऊन बसलीय."

स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. मी चोरून खाते असं तिने ठरवलं. भाकऱ्यांची टोपली ती फळीवर ठेवायला लागली, तुपाचा डबा आपल्या खोलीत नेला. माझा नवरा सगळं बघत होता. त्याचं मत विचारलं तर म्हणायचा, "थोडी हालचाल ठेव ना."

मग सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात मसाल्याच्या दिवशी मला मिरच्या भाजायला बसवलं. कढईसमोर, धुरात, उलथनं हातात धरून मी झोपले. बसल्या जागी. जाग आली ती ठसक्याने. अख्खं अंगण खोकत होतं आणि कढईतल्या मिरच्या कोळसा झाल्या होत्या. जावेने माझ्या हातातलं उलथनं घेतलं, उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा गो बायांनो. आमच्या घरात सून नाय आणली, कोंड्याचं पोतं आणलंय. जिथं टेकवाल तिथं पडून राहील."

बायका हसल्या. एकीने विचारलं, पोत्याचं तोंड बांधून ठेवता की उघडं? अजून हसल्या. त्या दिवसापासून भावकीत माझं नाव पोतं. मुलंसुद्धा म्हणायची. पुढच्या आठवड्यात जावेने माझ्या वडिलांना निरोप धाडला की मुलीला घेऊन जा, आमच्याकडे काम करणारी माणसं लागतात. वडील आले, सासरच्या ओट्यावर बसून चहा न घेता मला आणि मुलाला घेऊन गेले.

अंबरनाथला आईने मला उल्हासनगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कॅम्पातल्या गल्लीत, कापडाच्या दुकानांच्या वर त्यांचा दवाखाना. वयस्कर सिंधी बाई, मराठी-हिंदीची खिचडी बोलायच्या. त्यांनी माझं बोलणं निम्म्यात तोडलं. मागे येऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हातांची बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "पाणी पी. गिळ. और एक घोट."

मी गिळलं. त्यांच्या बोटांखाली काहीतरी वर सरकून खाली आलं, ते मलाही कळलं.

"घरात काय बोलतात तुला? आळशी?"

"पोतं."

"हां. बोलने दो. रक्त देऊन जा."

रक्त दोन नळ्यांत घेतलं. एक मुंबईला पाठवायची होती, दुसरी तिथेच लाकडी स्टँडवर उभी ठेवली. मला तासभर बसायला सांगितलं होतं म्हणून मी तिच्याकडे बघत बसले. रक्त म्हणजे लाल, एवढंच मला माहीत होतं. नळीत ते हळूहळू वेगळं झालं. लाल खाली बसलं, आणि वर पिवळसर पाणी राहिलं, वरणाच्या निवळीसारखं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की खाली बसल्या त्या लाल पेशी, त्या तुझ्या कमी आहेत, पण ते मूळ दुखणं नाही. मूळ वरच्या पाण्यात आहे. गळ्यातली ग्रंथी एक रस बनवते, तो थेंबाच्याही थेंबाएवढा असतो, या पाण्यातून तो सगळीकडे जातो आणि हृदयाला, आतड्यांना, डोक्याला, कातडीला सांगतो की किती जोरात चालायचं. तुझ्यात तो रस आटलाय. मेंदूतली दुसरी ग्रंथी ओरडून ओरडून मागतेय आणि गळ्यातली देऊ शकत नाही, म्हणून ती फुगलीय.

"चूल है, लकडी है, हवा नहीं है," त्या म्हणाल्या. "तो भाकर कैसे भाजेगी?"

मुंबईहून कागद आला, त्यांचं म्हणणं खरं निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. आणि मीठ पिशवीतलं खा, आयोडिनचं.

तीन महिन्यांत मी माणसात आले. केस यायला लागले, आवाज सुटला, सकाळी डोळे आपले आपण उघडायला लागले. सासरी परतले ती मिठाची पिशवी हातात घेऊनच. मला वाटलं होतं, सांगितलं की संपलं. मी जावेला सगळं सांगितलं, ग्रंथी, रस, रक्त. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आता आळसाचंपण औषध निघालं? आमच्या म्हशीलापण आण की दोन गोळ्या." मग मिठाची पिशवी उचलून उकिरड्यावर टाकली.

मिठाचं तिला का लागलं ते सांगायला हवं. सासरच्यांचं मूळ मिठागरावरचं. खाडीकडचे नातेवाईक अजून मीठ पिकवत होते आणि दर वर्षी खडे मिठाचं एक पोतं घरी धाडत होते. ते पोतं आलं की त्याला हळदकुंकू वाहायचं. विकतचं मीठ म्हणजे ज्याला मागे कुणी नाही त्याने खायचं. "आपल्या माणसांनी उन्हात उभं राहून पिकवलेलं मीठ सोडून पिशवीतलं खायचं? दर्यातलं मीठ हाय हे, यात सगळं असतं." दर्यातल्या मिठात सगळं असतं, नेमकं आयोडिन फारसं राहत नाही, हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मी ते जावेला सांगितलं. तिने नातेवाइकांना सांगितलं की धाकटी आपल्या मिठाला नावं ठेवते. मी वर्षभरात नवऱ्याला आणि मुलाला घेऊन वेगळं घर केलं.

आता चौऱ्याण्णवच्या अंगणात येते.

जावेची मुलगी वीस वर्षांची. लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा. मुलगा अंबरनाथचा, नोकरीवाला. मुलगी धणे निवडत होती आणि त्या उकाड्यात तिने गळ्याभोवती ओढणी गुंडाळली होती, दोन वेढे घेऊन. एक सूप धणे निवडायला तिला सकाळ पुरली नाही. हात थांबायचे, डोळे मिटायचे.

"काय गो, झोपलीस काय?" जाऊ चुलीवरून ओरडली. "सासरी जाऊन आमचं नाव काढणार ही."

मुलगी काहीतरी म्हणाली. आवाज घोगरा. माझे हात देठावर थांबले. मी तिच्याकडे नीट पाहिलं. भुवया विरळ, चेहरा सुजरा. मी तांब्या भरून तिच्यापुढे धरला. ती पाणी प्यायली, ओढणी जरा सरकली, आणि गळ्यातली गाठ वर जाऊन खाली आली.

खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला. पोरीची दया नंतर आली. ही पोर माझ्या रक्ताची नव्हती, दिराची मुलगी होती. माझ्यात आणि तिच्यात सारखं काय होतं? एक स्वयंपाकघर आणि एक मिठाचं पोतं. मिठामुळेच झालं असं डॉक्टरीणबाईंनी मला खात्रीने कधी सांगितलं नव्हतं, एकाच घरात एकीला होतं, दुसरीला होत नाही, असंच त्या म्हणाल्या होत्या. पण मी काही डॉक्टर नव्हते, मला तेवढं पुरे होतं.

दुपारच्या जेवणाला सगळ्या उठल्या तेव्हा जावेने मला खुणेने मागच्या पडवीत बोलावलं. सात वर्षांत तिने मला कधी कशासाठी बोलावलं नव्हतं.

"तुझ्या त्या गोळ्या असतात ना," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यातल्या थोड्या दे. कुणाला बोलू नको."

"कुणासाठी? म्हशीसाठी?"

तिने एकदा अंगणाकडे पाहिलं. "पोरीसाठी. तिचा गळा... पोराकडच्या बायका पुढच्या महिन्यात साडी घेऊन येणार हायत. तोवर बसला पाहिजे."

"वैनी, त्या गोळ्या म्हणजे चणे-फुटाणे नाहीत वाटायला. किती द्यायची ते रक्त तपासून ठरतं. जास्त झाली तर छाती धडधडून पोर आडवी होईल."

"रक्त तपासलं म्हणजे गावभर होईल. लग्न मोडेल गो तिचं."

"माझं मोडत आलं होतं, तेव्हा तुम्ही निरोप धाडला होता. आठवतं?"

ती म्हणाली, "काय पायजे तुला? सरळ बोल."

"अंगणात चला. मिरच्या जळल्या त्या दिवशी जे बोललात, ते त्याच बायकांसमोर मागे घ्या. म्हणा की ती आजारी होती आणि मी खोटं बोलले. मग उद्या मी पोरीला घेऊन जाते."

"आणि नाय बोलले तर?"

मी खांदे उडवले. पोरीला मी कसंही नेणारच होते, हात-पाय बांधून नेलं असतं. पण ते जावेला सांगायची मला काही गरज नव्हती.

"तू मनात धरून ठेवलंस हे सगळं."

"धरून ठेवलं. तुम्ही भाकऱ्यांची टोपली फळीवर ठेवली होती तशी."

जेवणं झाली, बायका परत चुलींभोवती बसल्या. जावेने एक कढई भाजून उतरवली, दुसरी चढवली. मी देठं काढत होते आणि तिच्याकडे बघत होते. शेवटी ती कढईकडेच बघत म्हणाली, "धाकटीला तेव्हा... बरं नव्हतं म्हणे."

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

बायका थांबल्या. आमची चुलतसासू कानाने कमी, ती म्हणाली, "काय बोलली ही?"

जाऊ उठली. चेहरा लाल झाला होता, तो चुलीने की कशाने ते तिलाच माहीत. "आजारी होती ती. गळ्याचा आजार. कामचुकार नव्हती. मी... मी उगाच बोलले." आणि मग, हे मी सांगितलेलं नव्हतं, "माझ्या पोरीलापण तोच हाय."

चुलतसासूने हातातली मिरची खाली ठेवली. "मग इतकी वर्षं पोतं पोतं करून काय बोंबलत होतीस गो? आमच्यापण तोंडी घातलंस ते."

एकीला हसू आलं, मग दोघींना. या वेळी त्या जावेला हसत होत्या. पोत्याच्या तोंडाचा विनोद जिने केला होता तीच सगळ्यांत मोठ्याने हसली. जाऊ आत निघून गेली. तिच्या वाटची कढई मी ढवळली, आणि त्या मिरच्या इतक्या चांगल्या भाजल्या की कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. मला रडू वगैरे आलं नाही. रात्री मी घरी जाऊन पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कुळगावला हजर होते. मुलगी तयार होती, गळ्याला ओढणीचे दोन वेढे. जाऊ म्हणाली, "मागच्या गल्लीने जा, तिथनं लगेच रिक्षा भेटते." मी मुलीला विचारलं, "गळ्याला काचत नाही?" ती म्हणाली, "खूप काचतं, काकी." मग मी ती ओढणी सोडवली, घडी घातली आणि जावेच्या हातात दिली. तिला म्हटलं, "आज पोरीच्या वाटची भांडी तुम्ही घासा. उद्याची पण."

आम्ही पुढच्या रस्त्याने निघालो. ओट्यांवर बायका दात घासत, सडा घालत होत्या. प्रत्येकीने विचारलं, एवढ्या सकाळी कुठे? प्रत्येक दारात थांबून मी सांगितलं, उल्हासनगरला, पोरीचं रक्त तपासायला. जाऊ मागे फाटकात उभी होती. तिला ऐकू जाईल एवढा आवाज मी कोपऱ्यावर वळेपर्यंत ठेवला.