पिस्तूल कुणाचं?

“आधीच सांगते हं,” असं म्हणून त्या एक हात वर करायच्या. रस्ता ओलांडताना आपण गाडीवाल्याला थांबवतो ना, तसा. मग जे सांगायचं ते सांगायच्या. लग्नाला गेल्या तर मांडवाच्या दारातच, “आधीच सांगते, मी जेवायला थांबणार नाही, दुपारची शाळा आहे.” मैदानावर मुलींना, “आधीच सांगते, पडलं की आपलं आपण उठायचं. मी येणार नाही.” आणि एखादी पडली की सगळ्यांच्या आधी धावत त्याच जायच्या.

आमच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका आणि मी मराठीची. दोघीही भवानी पेठेतल्याच. मी वयानं थोडी मोठी म्हणून मला अक्का म्हणायच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडल्या की दोन्ही एकदम. त्यांच्या मालकांचं टॉवेल-चादरींचं छोटं दुकान होतं. चार घरांसारखंच घर. फक्त त्या घरातल्या लोखंडी कपाटात, कुलपाच्या आत आणखी एक कुलूप लावून, पिस्तूल ठेवलेलं असायचं.

तुम्ही म्हणाल, खेळाच्या बाईंना पिस्तूल कशाला? तर खेळायलाच. कॉलेजात असताना एनसीसीत रायफल हातात आली आणि नेम लागला. पुढं लग्न, मुलं, नोकरी यांत सगळं राहून गेलं. मुलगी नांदायला गेल्यावर त्यांना ते पुन्हा आठवलं. परवाना काढायला किती खेटे घातले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पिस्तूल आलं तेव्हा मालक एवढंच म्हणाले, “पाहुण्यांपुढं काढू नको म्हणजे झालं.” त्यानंतर ज्येष्ठांच्या गटात त्या दरवर्षी देशपातळीच्या स्पर्धेला जायला लागल्या.

स्पर्धा लांब असायच्या. रेल्वेनं जायचं तर शाळेची रजा पुरायची नाही. म्हणून मोठ्या शहरापर्यंत गाडीनं आणि तिथून विमानानं. सोबत मी. मी कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मी तर दिवाळीत लवंगी फटाकासुद्धा वातीला लांब कागद जोडून लावते. पण त्यांना विमानाची भीती वाटायची. पिस्तुलाची नाही, विमानाची. चाकं जमिनीवरून उचलली की त्या माझं मनगट धरायच्या, ते ढग लागेपर्यंत सोडायच्या नाहीत. नेमबाजाची पकड ती! उतरल्यावर मी बराच वेळ मनगट चोळत बसायची.

पण खरा दमवणारा भाग विमानात बसायच्या आधीचा होता. पिस्तूल जवळ घेऊन विमानात बसता येत नाही. ते सामानात द्यावं लागतं, रिकामं करून, कुलपाच्या पेटीत. गोळ्या वेगळ्या डब्यात. आणि मुख्य म्हणजे काउंटरवर आपणहून सांगावं लागतं. आता हे सांगायचं कसं? हळू सांगितलं तर काउंटरवरच्या मुलीला ऐकू जात नाही. ती म्हणते, “काय आहे मॅम? जरा मोठ्यानं सांगा.” मोठ्यानं सांगितलं की रांगेतली माणसं दोन पावलं मागं सरतात आणि एखादी आई लेकराला जवळ ओढते.

आमच्या मॅडम हात वर करायच्या. “आधीच सांगते हं. माझ्या सामानात खेळाचं पिस्तूल आहे. परवाना हा.”

मग ती मुलगी विचारायची, “पिस्तूल कुणाचं?” आणि विचारताना बघायची मात्र मागं उभ्या असलेल्या एखाद्या पुरुषाकडं. हे दरवेळी व्हायचं. एकदा मागं एक मुंडासं बांधलेले आजोबा होते, मंद्रूपकडचे. ते दोन्ही हात हलवत म्हणाले, “माझं न्हाय बाई! मी लेकीकडं चाललोय. माझ्याकडं निस्ती भुईमुगाची शेंग हाय.”

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, “त्यांचं नाही, माझं आहे.”

त्यानंतर बाजूच्या खुर्चीत बसायचं. सुरक्षेचा अधिकारी यायचा. एका खोलीत नेऊन पेटी उघडायला लावायचा. पिस्तुलाच्या नळीतून केशरी दोरी घातलेली असायची, आत गोळी नाही हे लांबूनच दिसावं म्हणून. तरी तो उलटंसुलटं करून बघायचा, परवान्यावरचा नंबर आणि पिस्तुलावरचा नंबर जुळवायचा, मग पुन्हा कुलूप, चिठ्ठ्या, सह्या. पोचल्यावर तीच तऱ्हा. सगळ्यांच्या बॅगा पट्ट्यावर फिरत येतात, ही येत नाही. सगळे निघून जातात, पट्टा थांबतो, आणि आम्ही दोघी बसलेल्या असतो, कुणीतरी पेटी हातात घेऊन येईल म्हणून.

“तुम्हाला कंटाळा येत नाही?” मी एकदा विचारलं.

“लई येतो की,” त्या म्हणाल्या. “पण अक्का, त्यांनी विचारलं नसतं तर मलाच विमानात बसायची भीती वाटली असती.”

“ती तर आत्ताही वाटते.”

“ती वेगळी.”

तर ही अशी बाई. सगळं आधी सांगणारी. आणि जे व्हायचं ते नेमकं त्यांच्याच बाबतीत झालं.

त्या वर्षी सकाळी घरातून निघताना त्यांच्या पर्सचा पट्टा तुटला. गाडी दारात उभी होती. त्यांनी कपाटावरची जुनी काळी बॅग काढली, झटकली, पर्समधलं सगळं तिच्यात ओतलं आणि निघालो. कधीकाळी सरावाला जाताना त्या तीच बॅग न्यायच्या. एवढंच.

विमानतळावर पिस्तुलाचं सगळं रीतसर झालं. पेटी गेली, गोळ्यांचा डबा गेला. आम्ही सुटल्यासारख्या हातातलं सामान तपासायच्या रांगेत आलो. माझी पिशवी पलीकडं गेली. त्यांची काळी बॅग यंत्रातून पुढं आली, पुन्हा मागं गेली, आणि जवानानं ती बाजूला घेतली.

“शेंगाचटणी आहे,” मॅडम म्हणाल्या. “लाल पूड दिसते ती. आधीच सांगते, तिखट आहे.”

जवान हसला नाही. त्यानं चटणी काढली, कडक भाकरीची चवड काढली, चष्मा, रुमाल, सगळं काढलं. रिकामी बॅग पुन्हा यंत्रातून नेली. मग आतल्या फाटक्या खिशातून बोटं घालून अस्तराच्या मागं चाचपलं आणि एक वस्तू ट्रेमध्ये ठेवली. शेंगदाण्यापेक्षा थोडी लांब. पितळी.

“ही गोळी कुणाची?”

या वेळी त्यानं मागं कुणाकडं पाहिलं नाही.

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. गोळीकडं त्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडं बघावं तशा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझीच आहे.”

तिथून पुढं आम्हाला कुणी ओरडलं नाही, कुणी हात लावला नाही. फक्त प्रत्येक जण आम्हाला दुसऱ्याच्या ताब्यात देत गेला. विमानात चढवलेली पेटी उतरवली. आम्ही पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलो आणि विमान गेलं. ते डोक्यावरून जाताना मॅडमनी वर बघितलं नाही.

ठाण्यातले साहेब वयस्कर होते, चांगले होते. परवाना त्यांनी नीट पाहिला. म्हणाले, “मॅडम, ही बॅग घरात आणखी कुणी वापरतं का? मिस्टर? बघा, आठवून सांगा.” त्यांच्या आवाजात सुटायची एक वाट होती. मला कळली. मॅडमनाही कळली असणार.

तेवढ्यात त्यांच्या मालकांचा फोन आला. मीच कळवलं होतं. साहेबांनी बोलू दिलं. फोनमधून मालकांचा आवाज मलाही ऐकू येत होता. ते घाईघाईनं म्हणत होते, “माझं नाव सांग की. बॅग माझी म्हण. तुझी नोकरी आहे, मला काय होतंय? दुकानाला कोण विचारतंय?”

मॅडमनी डोळे मिटले. “होगली बिड्री,” त्या हळूच म्हणाल्या. जाऊ द्या, सोडा. “तुम्ही दुकान बघा. जेवून घ्या.”

फोन ठेवून त्या साहेबांना म्हणाल्या, “लिहा. बॅग माझी, गोळी माझी. आत राहिलेली मला माहीत नव्हती. पण बघायला पाहिजे होती ती मीच.”

संध्याकाळी त्यांना सोडलं, पण गुन्हा दाखल झाला. पिस्तूल जमा झालं. परतीच्या गाडीत टेंभुर्णीच्या पुढं कुठंतरी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, शिक्षिकेच्या बॅगेत जिवंत काडतूस. नाव नव्हतं, पण सोलापूर केवढं! शाळेनं चौकशी लावली. चौकशी संपेपर्यंत त्यांनी मैदानावर जायचं नाही, असं ठरलं. मैदानावर न जाणारी खेळाची बाई! त्यांना ग्रंथालयात बसवलं. खिडकीतून मैदान दिसायचं. कवायतीच्या वेळी एखादी ओळ वाकडी झाली की त्यांची खुर्ची वाजायची.

लोकांचं तर विचारू नका. पेठेत एक जण भेटला की म्हणायचा, “काय मॅडम, आज कुणावर नेम?” त्याला वाटायचं, विनोद केला. त्या हसायच्या. रोज नव्या माणसासाठी तेच हसू आणायचं म्हणजे किती दमायला होत असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला.

तारखा पडत राहिल्या. दर तारखेला मॅडम त्या शहरात जायच्या, मी नाहीतर मालक सोबत. कधी वकील नसायचे, कधी कागद आलेले नसायचे. कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली बसून आम्ही कितीदा डबे खाल्ले. अखेर निकाल लागला. स्वतःला पत्ता नसताना बॅगेत राहून गेलेली गोळी म्हणजे बाळगलेली गोळी नव्हे, असं कोर्टानं मानलं. त्या सुटल्या. शाळेची चौकशीही मिटली. पण तोवर त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते.

पिस्तूल परत आलं तेव्हा मी त्यांच्या घरी होते. पेटी उघडली. दमट जागेत पडून पडून त्याला गंज चढला होता. त्यांनी खाली पेपर अंथरला, दुकानातल्या टॉवेलचे तुकडे घेतले, तेल घेतलं आणि पुसत बसल्या. मालक शेजारी बसून एकेक तुकडा पुढं करत होते.

मग त्या म्हणाल्या, “यंदा जाणार.”

मला राहवलं नाही. “आता पुरे करा हो. एवढं सोसलंत. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय तुमच्या. आता थांबा.”

“थांबायचंच आहे, अक्का,” त्या नळीतून उजेडाकडं बघत म्हणाल्या. “हात पण थरथरतो आता. पण तितं, त्या ठाण्याच्या बाकड्यावर नाही थांबायचं मला. मैदानावर थांबायचं.”

मालक उठून चहा ठेवायला गेले.

तोवर आपल्या सोलापुरातूनच विमान सुरू झालं होतं. माझे गुडघे गेलेले, त्यामुळं या वेळी त्या एकट्या निघाल्या. मी आणि मालक सोडायला गेलो. त्यांच्या एका हातात पेटी होती आणि खांद्याला पर्स नव्हती. चादरी ज्यातून येतात ती चेनची प्लास्टिकची पिशवी होती, स्वच्छ, आरपार दिसणारी. आत चष्मा, डोळ्यांचे थेंब, भाकरी, फोन, सगळं दिसत होतं. मला हसू आलं.

“हे काय?” मी म्हटलं.

“दुकानात पडल्यात की ढीगभर,” त्या म्हणाल्या.

विमानतळ छोटा. काचेतून काउंटर दिसत होता. त्या पुढं झाल्या, काहीतरी बोलल्या. मुलीनं मान हलवली आणि खुर्ची दाखवली. त्या मांडीवर ती पिशवी घेऊन बसल्या, अगदी ताठ. मालक काचेला नाक लावून उभे होते. अधिकारी आला, त्यांना आत घेऊन गेला. त्या बाहेर येईपर्यंत मालक हलले नाहीत. बाहेर आल्या, आमच्याकडं बघून त्यांनी नुसती मान डोलावली आणि पुढच्या रांगेत गेल्या.

दोन दिवसांनी फोन आला. “अक्का, झालं. नंबर लई खाली आहे. पण शेवटची गोळी निशाणाच्या काळ्या गोलात लागली, मधोमध.”

“विमानात कुणाचं मनगट धरलंत?”

“शेजारी एक पोरगी होती. तिला विचारून धरलं.”

परत आल्यावर त्यांनी पिस्तूल बंदुकांच्या परवानाधारक दुकानदाराकडं देऊन टाकलं. निवृत्त झाल्या. मालकांनी दुकान भावाकडं सोपवलं आणि दोघं अक्कलकोटला गेली, मॅडमच्या म्हाताऱ्या आईजवळ राहायला. भवानी पेठेतलं त्यांचं दार आता बंद असतं. जाता-येता नजर जाते.

गेल्या महिन्यात मठात दर्शनाला म्हणून गेले, तिथून त्यांच्या घरी. दुपारची वेळ. दार उघडंच होतं. मालक कुठं बाहेर गेले होते. ओसरीवर आई शेंगा फोडत बसल्या होत्या आणि आतल्या खाटेवर मॅडम झोपल्या होत्या. कुशीवर, तोंड थोडं उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर. पंख्यानं केस उडत होते. शाळेत इतकी वर्षं सोबत काढली, प्रवास केले, कोर्टाच्या आवारात दिवस काढले, पण त्यांना अशी गाढ झोपलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी हाक मारणार, तेवढ्यात आईंनी हात हलवला. “एब्बिसब्याड्री,” त्या पुटपुटल्या. उठवू नका.

मी ओसरीवर बसले. आईंनी माझ्यापुढं मूठभर दाणे ठेवले. आम्ही दोघी शेंगा फोडत राहिलो. परतीच्या एसटीची वेळ झाली, तशी मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता पायरी उतरले.